मदत हवी आहे: वॉरफरिनवरचा रुग्ण, फूट ड्रॉप, ईएमजीची (स्नायूतली वीज मोजणारी) सुई पोटरीत कुठे घालू?

उजव्या पायाचा फूट ड्रॉप (पाऊल वर उचलता येत नाही), ४ आठवडे झालेत. चप्पल निसटते, टाचांवर चालता येत नाही. हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू, कालचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) २.६. फिब्युलाच्या (नडगीबाहेरच्या हाडाच्या) मानेपाशी कंडक्शन ब्लॉक (नसेतला सिग्नल अडणं) नाही. सुपरफिशिअल पेरोनिअल सेन्सरी (संवेदनेचा सिग्नल) दोन्ही पायांत लहानच, म्हणून तिच्यावरून काही ठरेना. एल-५ रूट (कमरेतून निघणारं नसेचं मूळ) की पेरोनिअल नर्व्ह (गुडघ्याच्या बाहेरून पायात उतरणारी नस), हे टिबिअ‍ॅलिस पोस्टिरिअर बघून सुटेल (त्याला एल-५ आहे, पेरोनिअल नाही), पण तो पोटरीतला स्नायू खोल आणि शेजारी धमनी. अल्ट्रासाऊंड नाही. समोरून जाऊ की आतल्या बाजूने? वॉरफरिन थांबवू का?

उत्तर १

वॉरफरिन थांबवू नका. झडपेवर गुठळी होण्याचा धोका सुईच्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा.

समोरून तर नकोच. त्या वाटेने टिबिअ‍ॅलिस अँटिरिअर (नडगीसमोरचा स्नायू) पार करून दोन हाडांमधला पडदा भेदावा लागतो, आणि अँटिरिअर टिबिअल धमनी व डीप पेरोनिअल नर्व्ह त्या पडद्यालाच चिकटून असतात. न बघता तिथे शिरणं म्हणजे नशिबावर हवाला.

मुळात टिबिअ‍ॅलिस पोस्टिरिअरचा हट्ट कशाला? फ्लेक्सर डिजिटोरम लाँगसही (पायाची बोटं वाकवणारा स्नायू) टिबिअल नर्व्हचाच, त्यातही एल-५ आहे, आणि तो बराच उथळ लागतो. गुडघा किंचित वाकवून पाय बाहेर वळवा. नडगीच्या मध्यावर, हाडाच्या आतल्या कडेच्या एक बोट मागे टोचा. सुईचं टोक हाडाच्या मागच्या पृष्ठभागालगत राहू द्या. टोक मागे झुकलं की आधी सोलिअस (पोटरीचा स्नायू), आणखी खोल गेलं की पोस्टिरिअर टिबिअल धमनी आणि नर्व्ह. टोचण्याआधी त्वचेखालची सॅफिनस शीर बघून घ्या, ती याच कडेने जाते.

उत्तर २

वरच्याशी सहमत. क्रम मात्र असा ठेवा: पहिली सुई टिबिअ‍ॅलिस अँटिरिअरला. गुडघ्याखालच्या उंचवट्यापासून चार बोटं खाली, नडगीच्या धारेच्या एक बोट बाहेर, फार खोल नाही. सुई काढून दोन मिनिटं दाबा आणि रक्त थांबतं का बघा. थांबलं तरच पोटरीकडे वळा. बारीक कॉन्सेंट्रिक सुई घ्या, आणि चारही दिशांना खणत बसू नका. विश्रांतीत मशीनवर गेन (पडद्यावरचं उभं माप) ५० मायक्रोव्होल्ट, स्वीप (आडवं माप) १० मिलिसेकंद. चार आठवडे झालेत, म्हणजे फिब्रिलेशन (नस बिघडलेल्या स्नायूत आपोआप उठणारे सिग्नल) असतील तर दिसायला हवीत.

पेरोनिअस लाँगस (नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू) केलात तरी हा प्रश्न सुटत नाही, तो एल-५ मध्येही बिघडतो आणि पेरोनिअलमध्येही. त्यापेक्षा ग्लुटिअस मीडिअस (कुल्ल्याचा स्नायू) करा, इलिअक क्रेस्टच्या (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या) मध्याखाली साधारण एक इंच. तो एल-५ चा, उथळ आहे, आणि पेरोनिअलशी त्याचा संबंधच नाही. इजा गुडघ्याच्या वर सायॅटिक नर्व्हमध्ये असेल अशी शंका असल्यास मांडीतल्या बायसेप्सचं शॉर्ट हेड करा.

प्रश्नकर्ता

आभार. बोटं वाकवायला सांगितली की रुग्ण सगळं पाऊलच खाली दाबतो. मग सुई सोलिअसमध्ये आहे की डिजिटोरममध्ये, हे कसं ओळखू?

उत्तर १

हीच खरी मेख. सोलिअस एस-१, एस-२ या मुळांचा. तिथलं नॉर्मल चित्र डिजिटोरमचं समजलात तर एल-५ हातातून निसटेल आणि रिपोर्ट पेरोनिअलचा जाईल. घोटा एका हाताने घट्ट धरा. दुसऱ्या हाताचं बोट रुग्णाच्या बोटांच्या टोकांखाली ठेवून "नखाजवळचं पेर माझ्या बोटावर दाबा" म्हणा. तो शेवटचा सांधा याच स्नायूने वाकतो. मधला सांधा तळव्यातला छोटा स्नायूही वाकवतो, म्हणून त्यावर विसंबू नका. शेवटच्या पेराबरोबर मशीनचा आवाज तीक्ष्ण, कुरकुरीत झाला तर जागा बरोबर. आवाज दुरून आल्यासारखा बोदा असेल, किंवा घोटा दाबल्यावरच वाढत असेल, तर सुई त्वचेखालपर्यंत मागे घ्या आणि हाडाकडे वळवून पुन्हा आत न्या. आतल्या आत तिरकी फिरवू नका.

तळव्यात विजेसारखी कळ गेली तर टिबिअल नर्व्हला धक्का लागलाय. लगेच बाहेर.

उत्तर २

एक राहिलं. घरी जाण्यापूर्वी पोटरीचा घेर टेपने मोजून लिहून ठेवा. पोटरी दगडासारखी ताठ झाली, दुखणं वाढत गेलं किंवा बोटं वर ओढताना असह्य कळ आली तर रात्र असली तरी इमर्जन्सीत यायला सांगा. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढणं) पायाची नाडी बराच वेळ लागत राहते, तेव्हा नाडी लागतेय म्हणून थांबायचं नाही.