हिमभंजक की बर्फफोडं?

शिरोलीकर: फौंड्रीवाल्यांसाठी रशियाच्या उत्तरेकडच्या जहाजमार्गावर टिपण करतोय. आइसब्रेकरला, म्हणजे गोठलेल्या समुद्रातनं वाट काढणाऱ्या जहाजाला, 'हिमभंजक' लिहिलं, तपासणाऱ्यानं 'बर्फफोडं जहाज' केलं. कुठलं ठेवू?

पेठेतला: हिम आभाळातनं पडतं. समुद्र गोठून होतो तो बर्फ. हिमभंजक चूकच.

शब्दवेडा: मग हिमनग काय आभाळातनं पडला? आणि बर्फ फारसीतला. तिकडं बर्फ म्हणजे पडणारं हिमच, गोठलेल्या पाण्याला ते 'यख' म्हणतात.

बंदरवाला: काम बघून नाव ठेवा की राव. ते जहाज नुसती धडक मारत नाही. उतरती नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बर्फावर चढते आणि वजनानं तो खाली मोडतो. 'बर्फमोडं' म्हणा. रशियाची 'आर्क्टिका' वर्गातली अणुजहाजं 60 मेगावॉटची, रुंदी 34 मीटर. सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं 61 मीटर रुंद, म्हणजे एकाच्या मागनं झालेली वाट त्यांना पुरत नाही. त्याच मार्गावर न्यू सायबेरियन बेटांमधल्या सानिकोव्ह सामुद्रधुनीत खोलीही कमी, जेमतेम 13 मीटर. डूब, म्हणजे जहाज पाण्याखाली जेवढं बुडतं ते, त्याहून कमी असेल तरच जहाज जातं. मोठ्यांची डूब 16. मग बेटांना उत्तरेकडून वळसा, तिथं बर्फ आणखी जाड.

शिरोलीकर: पण 'जवळचा मार्ग' लिहू ना? योकोहामा ते रॉटरडॅम सुएझवरून सुमारे 20,700 किलोमीटर, या उत्तरेकडच्या मार्गानं 13,500.

बंदरवाला: जपानला जवळचा. तुमचं कास्टिंग न्हावा शेवाहून निघणार, आधी जपानपर्यंत जाऊन मग बेरिंग सामुद्रधुनीतनं वर. सुएझच्या जवळपास दुप्पट पडतं. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजं आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळली, वर फारसं कोण गेलं नाही. 2024 मध्ये त्या मार्गावर सुमारे 3.79 कोटी टन माल झाला, पण बहुतेक रशियाचाच गॅस, तेल. टोकापासून टोकापर्यंत गेलेला 30 लाखांच्या आसपास.

पेठेतला: म्हणजे 'आंतरराष्ट्रीय मार्ग' पण खोडा. रोसॅटमचा, म्हणजे रशियाच्या सरकारी अणुकंपनीचा, परवाना लागतो.

बंदरवाला: 1982 च्या सागरी कायद्याचं 234 वं कलम. बर्फाळ किनाऱ्यावर प्रदूषण रोखायचे नियम करायचा हक्क किनारी देशाला दिलाय. रशिया त्याच्यावर बोट ठेवतो, अमेरिकेला ते एवढं ताणलेलं मान्य नाही. कॅनडा तर त्याच्या बेटांमधनं जाणारी वायव्येकडची वाट आपलं अंतर्गत पाणीच म्हणतो.

शब्दवेडा: 'अंतर्गत जल' म्हणा. आणि 'डूब' कुठल्या कोशात आहे?

बंदरवाला: धक्क्यावर आहे.

शब्दवेडा: धक्क्यावर 'ड्राफ्ट' म्हणतात, साहेब.