नोमच्या समुद्रतळावर सोने कसे आले?

प्रश्न
अलास्कातील नोम गावासमोर, बेरिंग समुद्राच्या तळावरील वाळू-गोट्यांत सोने सापडते आणि ते ड्रेजरने, म्हणजे तळ उपसणाऱ्या यंत्रनौकेने, काढतात, असे वाचले. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड असल्याने नदीने ते मुखापाशीच टाकायला हवे होते. मग ते त्याही पलीकडे समुद्रात कसे गेले? पाण्यात विरघळलेले सोनेच तळाशी बसते, असे एका मित्राचे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे, कारण हे काम मुख्यतः नदीचे नव्हे, हिमनदीचे आहे. वाहते पाणी जड आणि हलके वेगळे करते. हिमनदी मात्र जे खरवडेल ते सरसकट पुढे रेटते. नोमच्या मागील डोंगरांतला सोने असलेला खडक तिने आजच्या किनाऱ्यापलीकडे नेऊन टाकला, परंतु त्या हिमोढात, म्हणजे हिमनदीने टाकलेल्या दगड-मातीच्या ढिगात, सोने विरळच होते. पुढे हिमयुगांबरोबर समुद्राची पातळी वर-खाली होत राहिली, तसतशा लाटा त्याच हिमोढावर आपटत राहिल्या, बारीक माती धुऊन गेली आणि गोटे व सोन्याचे कण मागे उरले. निवड झाली ती इथे, आणि म्हणूनच सोन्याने समृद्ध थर तळाच्या अगदी वर आणि पातळ असतो.

प्रतिसाद २
वरील प्रतिसादाला पूरक म्हणून जमिनीवरचा पुरावा देतो. 1898 मध्ये ॲनव्हिल क्रीक या ओढ्यात सोने सापडले, 1899 मध्ये थेट पुळणीच्या वाळूत, आणि 1900 च्या उन्हाळ्यात तिथे हजारो लोक लोटले. नंतर गावामागे गाडल्या गेलेल्या जुन्या पुळणींतही सोने मिळाले. तशाच काही पुळणी आज पाण्याखाली आहेत. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बिमा’ नावाचे प्रचंड ड्रेजर तिथे चालवले गेले. आता छोट्या बोटींवरून पाणबुडे शोषनळीने गाळ उपसतात, आणि हिवाळ्यात समुद्र गोठला की बर्फाला भोक पाडून खाली उतरतात, जे मला तरी सोन्याहून महागाचे वाटते.

प्रतिसाद ३
मित्राचे म्हणणे मात्र टिकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवरील भरपाईचा बोजा फेडण्यासाठी फ्रित्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्यातून सोने काढण्याचा प्रयत्न केला, पण त्याचे प्रमाण आधीच्या अंदाजांपेक्षा कितीतरी कमी निघाले आणि बेत सोडावा लागला.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग रत्नागिरीच्या काळ्या वाळूत काय असते?

प्रतिसाद १
तिथेही लाटांनी जड तेच मागे ठेवले आहे. मात्र मूळ खडक दख्खनचा बेसाल्ट असल्याने हाती लागतात ती मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त जड खनिजे.