मदत हवी आहे: आईच्या कानाच्या मशीनचं फिटिंग, काय तयारी करू?

येत्या गुरुवारी आईचं (वय ७१) फिटिंग आहे. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, दोन्ही कान साधारण ५५-६० डेसिबल आलेत, म्हणजे मध्यम ते थोडा जास्त लॉस. कानातला मळ ईएनटीकडे आधीच काढून घेतलाय.

तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून ट्रायल न घेता मशीन घेतलं होतं, ते कानात सारखं शिट्टी मारायचं, आईने दहाव्या दिवशी काढून डबीत ठेवलं ते आजतागायत तिथेच आहे. तेव्हापासून आई नुसती मान डोलावते, काय बोललो विचारलं की गप्प बसते. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ती झाकणावरची वाफ बघून मोजते, खूप वाईट वाटतं बघून. यावेळी चूक नको व्हायला.

रिअल इअर मेजरमेंट, म्हणजे कानात बारीक नळी घालून आवाज खरंच किती पोचतोय ते मोजणं, ते करा असं मीच सांगायचं का? ऑडिओलॉजिस्टला राग तर नाही ना येणार? आईच्या बोटांना कंप आहे, ३१२ नंबरचा तपकिरी स्टिकरवाला सेल तिला बदलता येईल असं वाटत नाही, मग चार्जिंगवालंच बरं ना? आणि तिला कुठले आवाज ऐकू येत नाहीत ते आधीच लिहून न्यावं म्हणतेय, नातवाचा बारीक आवाज, फोन, देवळातली गर्दी, अजून काय लिहू? ज्यांच्या घरी आई-बाबांना मशीन बसवलंय त्यांनी पहिल्या पंधरा दिवसांत रोज किती तास घालायला लावलं ते प्लीज सांगा.