मदत हवी आहे: 'व्हॅम्पायर नाइट' संपवली, आता मांगा (मूळ जपानी चित्रकथा) वाचू का?

मंडळी, पुढे स्पॉयलर आहेत. बघायची राहिली असेल तर इथूनच मागे फिरा.

भाचीच्या आग्रहाखातर ही अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) बघायला घेतली. २००८ सालची, दोन सीझन, १३-१३ भाग. शनिवार-रविवारात फडशा पाडला आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय.

सुरुवात झकास होती हो. क्रॉस अकॅडमीत दिवसा माणसांची पोरं शिकतात, रात्री देखण्या व्हॅम्पायरांचा वर्ग भरतो, आणि मधे पहाऱ्याला युकी नि झीरो. झीरो शिकाऱ्यांच्या घरातला, पण स्वतःच हळूहळू व्हॅम्पायर होत चाललेला. तहान आवरेना म्हणून तो युकीचं रक्त पितो आणि मग स्वतःचं तोंड बघवत नाही त्याला. हे प्रसंग खरंच जमलेत. मला वाटलं, गोष्ट हीच आहे.

कसलं काय! युकीच्या हातात आर्टेमिस नावाचा दंड आहे, पण ऐन वेळी कोणीतरी येऊन तिलाच वाचवतं. रात्रीच्या वर्गाचा म्होरक्या कानामे, त्याला सगळं ठाऊक असतं, सांगत मात्र काही नाही. दुसऱ्या सीझनमधे, म्हणजे 'गिल्टी'मधे, कळतं की युकीच्या आईनेच तिच्या आठवणी पुसल्या होत्या, युकी मुळात शुद्ध रक्ताची व्हॅम्पायर आहे, आणि कानामे तिचा भाऊ! तिचे आईवडीलही भाऊबहीणच, म्हणून युकी-कानामेचं लग्नही ठरलेलंच. भावाबहिणीचं पचतं की नाही ते बाजूला ठेवू. तिला काय हवंय हे अख्ख्या मालिकेत कोणी विचारत नाही, हे मला जास्त खुपलं. रक्त बदललं की मनही बदललं, असं धरूनच चालतात सगळे.

शेवटी झीरो म्हणतो, पुन्हा भेटलीस तर मारेन. ती म्हणते, मी पळत राहीन. झालं, संपलं!

मात्सुरी हिनोची मूळ मांगा १९ खंडांची आहे. त्यात युकी स्वतःहून काही ठरवते का? आणि कितव्या खंडापासून सुरू करू? सगळे विकत घ्यायचे तर खिसा रिकामा होईल.

प्रतिसाद १:
अ‍ॅनिमे साधारण दहाव्या खंडापाशी थांबते, त्यामुळे अकरावा घ्या. तिथे गोष्ट वर्षभर पुढे गेलेली आहे. युकी जरा हातपाय हलवते, आर्टेमिसचाही उपयोग होतो. भावाचं प्रकरण तुम्हाला वाटतंय तितकं सरळ नाही, पण ते सांगून मजा घालवत नाही. कानामेच्या गप्प बसण्याला वैतागला असाल, तर मात्र सांभाळून. तो अजून बराच वेळ गप्प आहे.

धागाकर्ता:
अजून?! बरं, अकरावा भाचीकडून उसना आणतो. तिनेच अडकवलंय, खर्चही तिचाच.