क्लीनअप सॉफ्टवेअरचे पैसे पुन्हा भरावेत का? लॅपटॉप हळू, सी ड्राइव्ह लाल

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. लॅपटॉप पाच वर्षांचा आहे. आय-३ दहावी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज ११. सी ड्राइव्ह १४६ जीबीचा असून त्यात ६ जीबीच मोकळे आहेत. डी ड्राइव्ह जवळजवळ रिकामा. बटण दाबल्यापासून ब्राउझर नीट चालू लागेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात.

एक विकतचं क्लीनअप सॉफ्टवेअर आहे. दर स्कॅनला ते '१,८४६ समस्या' दाखवतं: १,३१० रजिस्ट्रीच्या (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), ५२४ ट्रॅकिंग कुकीज (साइट्स ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) आणि १२ जंक. सगळं 'फिक्स' केलं तरी आठवड्याने आकडा पुन्हा तेवढाच. परवाना पुढच्या महिन्यात संपतोय. पैसे भरावेत का? फुकटातलं एखादं चांगलं आहे का? आणि रजिस्ट्री साफ केल्याने वेग वाढतो का?

सेक्टर_शून्य

पैसे भरू नका, आणि ते 'फिक्स ऑल' बटणही आजपासून बंद.

आधी तो आकडा कुठून येतो ते बघा. ५२४ कुकीज म्हणजे ५२४ 'समस्या', कारण प्रत्येक कुकी वेगळी मोजली जाते. त्या पुसल्या की साइटवर पुन्हा लॉगिन करायचं आणि दोन दिवसांत त्या परत येणार. रजिस्ट्रीचंही तसंच. तुम्ही एखादी पीडीएफ उघडली, नंतर डिलीट केली. 'नुकत्याच उघडलेल्या फाइल्स'च्या यादीत तिचं नाव राहिलं, तर ती झाली एक 'तुटलेली नोंद'. अशी नोंद काहीशे बाइटची असते. १,३१० नोंदी मिळून एक एमबीसुद्धा भरत नाही. विंडोज हवी ती नोंद थेट तिच्या पत्त्यावरून काढतं, सगळी रजिस्ट्री वाचत बसत नाही. त्यामुळे त्या उडवून वेगात फरक जाणवत नाही.

नुकसान मात्र होऊ शकतं. एखादी नोंद पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क किंवा नेटवर्क ड्राइव्हकडे बोट दाखवत असेल आणि स्कॅनच्या वेळी ती डिस्क जोडलेली नसेल, तर क्लीनरला ती नोंद मेलेली वाटते आणि तो उडवतो. मग महिन्याभराने अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर अडतो, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, हे त्यांनी लेखी सांगितलेलं आहे.

आता कामाचं. लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटं तसाच ठेवा, मग कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी किती टक्के, 'स्लॉट्स यूज्ड' (रॅमच्या किती खाचा भरल्यात) किती, डिस्कचा प्रकार एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपवरची, न फिरणारी), 'ॲक्टिव्ह टाइम' किती आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' किती मिलिसेकंद, हे लिहून घ्या. शिवाय क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्कची तब्येत, आणि विझट्रीमध्ये सी ड्राइव्हवरची जागा नेमकी कुणी खाल्लीय ते बघा. विझट्री एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल-मांडणी) डिस्कची फाइलसूची थेट वाचतं, त्यामुळे निकाल पटकन मिळतो. हे आकडे इथे टाका, मग बोलू.

तारेवरचा_पक्षी

रजिस्ट्रीबाबत सेक्टर_शून्य यांच्याशी पूर्ण सहमत. पण सगळेच क्लीनर टाकाऊ म्हणणं मला पटत नाही. एकाच मशिनवर चार-पाच जणांची खाती असतील, जसं ग्रंथालयात किंवा शाळेच्या संगणक कक्षात, तर दर खात्याचा ब्राउझर कॅशे (साइट्सच्या साठवलेल्या प्रती) आणि टेम्प (तात्पुरत्या फाइल्सचं) फोल्डर हाताने रिकामं करणं जिकिरीचं होतं. तिथे ब्लीचबिट चांगलं. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे. आधी 'प्रीव्ह्यू' दाबून काय जाणार ते पाहता येतं. मात्र त्यातल्या 'मोकळी जागा पुसा' या पर्यायावर टिक करू नका. तो डिस्कवरची सगळी मोकळी जागा एकदा लिहून काढतो. हार्ड डिस्कवर तासन् तास जातात आणि एसएसडीवर विनाकारण लेखन होतं. 'पासवर्ड्स'वरची टिकही काढलेलीच असू द्या.

घरच्या एका लॅपटॉपला मात्र विंडोजचंच पुरतं: सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. तिथे 'डाउनलोड्स' हाही एक पर्याय असतो. आपल्याकडे बँकेची स्टेटमेंट्स, सात-बारा, मुलांचे दाखले सगळं त्याच फोल्डरमध्ये पडलेलं असतं, त्यामुळे तिथे टिक करू नका. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर ते जुन्या आवृत्तीवर परत जाण्यासाठी ठेवलेलं असतं. १० दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढतं. 'थंबनेल्स' पुसून काही मिळत नाही, पुढच्या वेळी फोटोंचं फोल्डर उघडताना ते सगळे पुन्हा तयार होतात.

बहुतेक क्लीनरना ॲडमिनचे अधिकार द्यावे लागतात, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्याच यंत्रणेत शिरून घातक कोड घातला होता. १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या काळात तीच फाइल अधिकृत साइटवरून, कंपनीच्या वैध डिजिटल सहीसकट लोकांपर्यंत गेली. ती वापरणाऱ्यांची संख्या २२.७ लाख असल्याचं कंपनीनेच सांगितलं. म्हणून ज्याची गरज नाही ते मशिनवर असूच नये.

कोरी_पाटी

दोघांचेही आभार. आकडे असे:

मेमरी ३.९ पैकी ३.४ जीबी, ८७ टक्के. स्लॉट्स यूज्ड २ पैकी १. डिस्क एचडीडी, ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, पण वाचनाचा वेग जेमतेम १.२ एमबी प्रतिसेकंद. रिस्पॉन्स टाइम ३८० ते ४५० मिलिसेकंद. क्रिस्टलडिस्कइन्फो 'गुड' म्हणतंय.

विझट्री पाहून चाट पडायची वेळ आली. 'मोबाइलसिंक' नावाच्या फोल्डरमध्ये ४१ जीबी, डाउनलोड्समध्ये ३१ जीबी. टेम्पररी फाइल्स सगळ्या मिळून २.३ जीबी.

आणखी एक. त्या सॉफ्टवेअरमध्ये 'रॅम बूस्ट' आहे. दाबल्यावर ८७ चे ५५ टक्के होतात. ते तरी उपयोगी आहे ना?

सेक्टर_शून्य

नाही, आणि तुमच्या मशिनवर तर ते उलटं काम करतंय.

रॅम भरली की विंडोज सध्या न लागणारी पानं (रॅममधल्या माहितीचे तुकडे) डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ठेवतं. तुमची डिस्क फिरती आहे, म्हणजे प्रत्येक तुकड्यासाठी आतला हात सरकवायला लागतो. वाचन १.२ एमबी आणि ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, याचा अर्थ डिस्क हात हलवण्यातच दमलीय. धडधाकट हार्ड डिस्कला एका मागणीला साधारण १० ते २० मिलिसेकंद लागतात. तुमच्याकडे ४०० म्हणजे मागण्यांची रांग लागलीय. 'रॅम बूस्ट' चालू प्रोग्रामांची पानं रॅममधून हाकलून देतं. आकडा खाली येतो, पण पुढच्या क्लिकला त्यातली बरीच पानं त्याच डिस्कवरून परत आणावी लागतात. आता 'समस्या' शून्य झाल्या तरी लॅपटॉप हळूच का राहतो ते लक्षात येईल.

जागेचं काम आज तासाभरात होईल. 'मोबाइलसिंक' म्हणजे आयफोनचे बॅकअप. फोल्डर हाताने उडवू नका. आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये 'डिव्हाइसेस'खाली तारखांसकट यादी दिसेल. सगळ्यात ताजा बॅकअप ठेवून बाकीचे तिथूनच काढा. डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि डी ड्राइव्हवर आधीच तयार केलेलं नवं फोल्डर निवडा. थेट 'डी' निवडू नका, नाहीतर अख्खा ड्राइव्हच डाउनलोड्स म्हणून नोंदला जातो आणि मग ते निस्तरणं कटकटीचं होतं. टेम्पररी फाइल्समधून २ जीबी मिळतील. क्लीनरने आजवर पुसलं ते एवढंच. ७२ जीबी कुठे आहेत हे त्याने एकदाही सांगितलं नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

वेगासाठी मात्र सुटे भागच बदलावे लागतील. आधी २.५ इंची, ७ मिमी जाडीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी). डी रिकामा आहे, तेव्हा ५०० जीबीची पुरे. काही मॉडेलमध्ये एम.२ची (पट्टीसारख्या एसएसडीची) जागा रिकामी असते, ती मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत तपासा. मग दुसऱ्या स्लॉटमध्ये ८ जीबी डीडीआर४ लॅपटॉप रॅम. टास्क मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या वेगाचीच घ्या. दोन्ही एकदम परवडत नसेल तर एसएसडी आधी.

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवण्यापूर्वी, म्हणजे क्लोन करण्यापूर्वी, दोन गोष्टी. क्रिस्टलडिस्कइन्फोत ०५ (खराब म्हणून बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे भाग) आणि सी५ या ओळींची 'रॉ' किंमत शून्य आहे का ते पाहा. सी५मध्ये आकडा असेल तर वाचता न येणारे सेक्टर आहेत. अशा वेळी क्लोन मध्येच अडकतो, म्हणून आधी महत्त्वाच्या फाइल्स बाहेर काढा. दुसरं, सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरच्या माहितीचं कुलूप) चालू असेल तर ते उघडायची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

एसएसडी बसल्यावर डीफ्रॅगचं (फाइलींचे विखुरलेले तुकडे जवळ आणणारं) कोणतंही सॉफ्टवेअर नको. तिला लागणारं ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) विंडोज ठरलेल्या वेळी स्वतःच करतं.

तारेवरचा_पक्षी

सॉफ्टवेअर काढताना एक चूक बरेच जण करतात. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. स्वयंचलित नूतनीकरण वेगळं बंद करावं लागतं. कंपनीच्या साइटवरच्या खात्यात ते बंद करा, आणि पैसे यूपीआयवरून भरले असतील तर त्या ॲपमधल्या 'ऑटोपे' यादीतून मँडेटही (पैसे आपोआप कापण्याची परवानगी) रद्द करा. कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट शोधा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं, पण तो मेसेज जाहिरातींच्या गर्दीत सहज नजरेआड होतो. पुढच्या महिन्याची वाट पाहू नका, आजच बघा.

अनइन्स्टॉल केल्यावर टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये त्याचा अपडेटर उरलाय का तेही तपासा. तिथेच 'हाय इम्पॅक्ट' लिहिलेल्या ज्या गोष्टी तुम्हाला सुरुवातीला लागत नाहीत त्या 'डिसेबल' करा. अँटिव्हायरस आणि टचपॅडचं सॉफ्टवेअर तेवढं राहू द्या.

कोरी_पाटी

ऑटोपेमध्ये मँडेट सापडलं, रद्द केलं. जुने बॅकअप काढून डाउनलोड्स हलवल्यावर सी ड्राइव्हवर ६८ जीबी मोकळे झाले. ०५ आणि सी५ दोन्ही शून्य आहेत. एसएसडी मागवतो. जुनी हार्ड डिस्क यूएसबी ३.० केसमध्ये घालून बॅकअपला वापरली तर चालेल?

सेक्टर_शून्य

चालेल. पण क्लोननंतर लगेच फॉरमॅट करू नका. नव्या एसएसडीवर पंधरा दिवस सगळं नीट चाललं की मगच करा.