बायकांचं पित्त, दगदग आणि ‘वारं’: हृदयविकार आणि पक्षाघाताचे अनुभव इथे लिहा

आमच्याकडे कुठल्याही वाडीत बसा, पुरुषांचे अटॅक लोकांना तारीखवार पाठ असतात. कुठे आला, किती ब्लॉकेज निघाले, कोल्हापूरला नेलं की गोव्याला. बाईचं विचारलं तर ‘बरी होती, भांडी घासता घासता गेली’, एवढंच. जगात बायकांच्या दर तीन मृत्यूंतला साधारण एक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतो, तरी ‘मासे खाणाऱ्यांना हार्टचं काही होत नाही’ हे मी परवाच्या हळदीकुंकवातही ऐकलं. (खाऱ्या बांगड्यातल्या मिठाचा त्यात हिशोब नसतो.)

म्हणून हा धागा. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणीही लिहा. आधी काय जाणवलं, घरातले काय म्हणाले, दवाखान्यात पोचताना काय अडलं. माणसांची, हॉस्पिटलांची नावं नकोत. उपाय सुचवणाऱ्यांनी जरा दम धरा.

आंबेवाली, देवगड

आईचा जबडा दुखायचा. हंगाम होता, पहाटेपासून पेट्या भरायच्या, कुणी लक्ष दिलं नाही. तिनेही नाही. लवंग धरून झाली, मग दाढ काढून टाकू म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दाढ ठोकून बघितली आणि विचारलं, दुखतं कधी? बागेतली घाटी चढताना. आणि बसलात की? बसलं की थांबतं. ‘काकी, दाढेला चढ-उतार कळत नाही,’ असं म्हणून त्यांनी फिजिशियनच्या नावाने चिठ्ठी दिली.

तिथे ईसीजी चांगला आला. बाबा लगेच म्हणाले, बघ, मी सांगत होतो, पित्तच आहे. पण डॉक्टर म्हणाले, पडून काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो, चालवून बघू. ट्रेडमिलवर ती थोडं चालली नाही तोच त्यांनी मशीन थांबवलं. पुढे कोल्हापूर, अँजिओग्राफी, स्टेंट. छातीत तिला आजपर्यंत एकदाही दुखलेलं नाही. आता पेट्या बसून भरते आणि गड्यांवर ओरडते. ओरडणं डॉक्टरांनी बंद केलेलं नाही.

केवडा

माझ्या मावशीला फक्त पाठीत, दोन खांद्यांच्या मधे दुखायचं, आणि घाम. चाळिशीनंतरचं बायकांचं असतं तसं, म्हणून सोडून दिलं. ती गेली. जास्त लिहवत नाही.

तवसाळची सून

सासूबाईंचं लिहिते. पहाटे न्हाणीघराच्या दाराशी बसलेल्या सापडल्या. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द फुटेना. शेजारच्या आजी म्हणाल्या, अंगावरून वारं गेलं, तेल चोळा, पलीकडच्या गावात एक जण झाडपाल्याचं औषध देतो. घरात तसं ठरतही होतं. नर्सिंग शिकलेली नणंद फोनवर किंचाळली, तेव्हा गाडी निघाली.

आता आमच्याकडून रत्नागिरीला जायचं तर जयगडची फेरीबोट. त्या वेळी बोट सुरू व्हायची होती. बोटीसाठी थांबायचं की रस्त्याने चिपळूण गाठायचं यावर अंगणात वाद. शेवटी चिपळूण. तिथे मेंदूचा स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. मग डॉक्टर एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिले: धडधाकट अशा शेवटच्या कधी बघितल्या? आम्ही सांगत होतो सापडल्या कधी, ते त्यांना नको होतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचं धड दिसलं तिथून मोजतात. झोपेत झालं असेल तर झोपायला गेली ती वेळ धरतात. तसं धरलं असतं तर आमचे तास रात्रीच संपले होते.

सासरे कोपऱ्यात गप्प उभे होते. एकदम म्हणाले, ‘साडेचारला उठून तिने मला पाणी दिलं. मेल्या कोंबड्याला झोप नाही म्हणाली.’ त्या वाक्यावर इंजेक्शन मिळालं. आता चालतात, बोलतात, नावं चुकतात. मला जावेच्या नावाने हाक मारतात आणि मी ओ देते.

पाटीवाली, मालवण (लेकीने लिहून घेतलेलं)

माका टायप करूक येणा नाय, चेडू लिवता. छातीत जळजळला, हात भरान इले. मासळेची पाटी उचलून झाला असात, म्हटलंय. डागदरान इचारल्यान, तंबाखू खातास? मी म्हटलंय, शी, माका कसला व्यसन! सुनेन मागसून सांगल्यान, मिशेरी लावता दिसभर. तो म्हणालो, तीच तंबाखू. दात घासूची वस्तू तंबाखूत कशी मोजूची ता माका अजून पटणा नाय. पण सोडलंय. सकाळी डोक्या दुखता.

मेडिकलवाली, सावंतवाडी

माझं दुकान आहे, तिथून दिसतं ते लिहिते. हरतालिकेला निर्जळी. गोळीला पाणी लागतं, म्हणून बीपीची गोळी नाही. दुसऱ्या दिवशी गणपती, घरात चाकरमानी, चुलीवर मोदक, गोळी आठवतच नाही. गौरी जेवल्या की ‘डोकं भणभणतंय, काहीतरी दे’ म्हणत येतात. बीपी मोजलं तर वरचा आकडा २०० च्या घरात!

नवऱ्याच्या गोळ्या मात्र तारीख न चुकता नेतात. ‘तुमच्या?’ विचारलं की ‘माझ्या आहेत अजून’. कशा असतील? माझ्या वहीत दिसतं ना शेवटची पट्टी कधी नेली ती. आता श्रावण संपत आला की सांगायला लागते, गोळीपुरतं पाणी चालतं, आमच्या भटजींनीच सांगितलंय. डॉक्टरांपेक्षा भटजींचं नाव चालतं.

सुरंगी

लहानपणी घसा धरायचा, मग ताप आणि सांधे सुजायचे. वाढीचं दुखणं म्हणायचे. लग्नानंतर दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात आडवं झोपवेना, दम लागायचा. सगळ्यांचं उत्तर एकच, पोट मोठं आहे. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावली. हृदयाची झडप अरुंद झाली होती, त्या लहानपणच्या तापापासून.

आता कृत्रिम झडप आहे. झडपेवर गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि रक्त तपासत राहायचं. पावसाळा आला की घरात टाकळा, कुर्डू, भारंगी. हिरव्या पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने या गोळीचा परिणाम कमी होतो. बंद करू नका, प्रमाण रोज सारखं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. टाकळ्याच्या दिवसांत प्रमाण सारखं ठेवायचं असेल तर आमच्या सासरी येऊन ठेवून दाखवा.

नर्सबाई, प्राथमिक आरोग्य केंद्र

व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारणा झाली, ॲस्पिरिन घरात ठेवून द्यावी का? तोंड वाकडं, वर धरलेला हात खाली पडतो, बोलणं जड, ही पक्षाघाताची लक्षणं, यात ती अजिबात देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी जिवावर बेतते. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर फुप्फुसात जातं. छातीच्या दुखण्याचं वेगळं असतं, तिथे १०८ लावा आणि ते सांगतील ते करा.

दुसरं ईसीजीचं. लावणारा पुरुष आहे म्हणून बाया पलंगावरून उठून निघून जातात. वर चादर ठेवून पट्ट्या लावता येतात. चादर मागा, बाईमाणूस सोबत मागा.

आणि गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढलेली असेल, तर मूल शाळेत जायला लागलं तरी डॉक्टरांना ते सांगायचं. बाळंतपणानंतर आकडे उतरले तरी पुढे हार्टचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. कार्ड जपून ठेवा. आमच्याकडे बहुतेकींची कार्डं पहिल्या पावसात भिजून गेलेली असतात.

बागमांडला

आमच्या बाजूला असा स्कॅन कुठे होतो?

नर्सबाई

फोन करून दोन गोष्टी विचारा. स्कॅन रात्री चालू असतो का, आणि गुठळीचं ते इंजेक्शन तिथे देतात का. नुसतं ‘स्कॅन आहे’ यावर थांबू नका.

बागमांडला

विचारलं. जवळच्या ठिकाणी मशीन आहे, रात्री चालवणारा नाही. आता महाडला विचारते.