अलास्का क्रूझ आणि जुना गुन्हा: गटाला आधी सांगायला हवं की नको?

दीपस्तंभ (धागाकर्ता)

अमेरिकेत राहणाऱ्या ओळखीच्या कुटुंबांचा गट जमवून अलास्काला न्यायची मला हौस आहे. धंदा नाही, हौसच. मागच्या उन्हाळ्यात क्रूझ कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटणार होती. आम्ही सगळे विमानाने तिथे उतरलो, आणि आमच्यातल्या एकाला इमिग्रेशनच्या खिडकीवरून आतल्या खोलीत नेलं. बराच वेळ गेल्यावर कळलं की २०२० साली दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली होती. त्याला आल्या पावली परत पाठवलं. बायको-मुलंही त्याच्याबरोबर परतली. केबिनचे पैसे बुडाले. भारतातून आलेले त्याचे सासू-सासरे मात्र आमच्याबरोबर जहाजावर, कारण त्यांना अडवायचं कोणालाच कारण नव्हतं. जावयाचं हे प्रकरण त्यांना तिथे, सगळ्यांदेखत कळलं. पुढचा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर कोणी कोणाशी काय बोलायचं हाच प्रश्न होता.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या नावावर गुन्हा आहे त्याने बुकिंगच्या आधी, निदान गट जमवणाऱ्याला तरी, सांगायलाच हवं. एकट्याने फिरायचं तर काय वाटेल ते करा. इतरांच्या सुट्ट्या आणि पैसे गुंतलेले असताना लपवणं म्हणजे त्यांना फसवणंच आहे. तुम्हाला काय वाटतं?

निशाचर

साफ असहमत. माणसाने दंड भरला, शिक्षा भोगली, विषय संपला. आता सहलीला जायचं म्हणून हौशी गटप्रमुखासमोर कबुलीजबाब द्यायचा? उद्या कोणाला मधुमेह आहे, कोणाचा घटस्फोट चाललाय, तेही विचारणार का? गट जमवणाऱ्याचं काम एवढंच, की पहिल्याच निरोपात नियम लिहायचा: हे जहाज कॅनडातून सुटतं, गुन्ह्याची नोंद असेल तर कॅनडा प्रवेश नाकारू शकतो, आपापलं तपासून घ्या. ज्याचं त्याला कळतं. तुम्ही तो निरोप पाठवला होता का, हे धाग्यात कुठे दिसलं नाही.

आणि सासऱ्यांचा किस्सा तुम्ही ज्या चवीने सांगितलात, त्यावरूनच लोक का सांगत नाहीत ते कळतं.

करवतकाठी

निशाचर, मधुमेहाने रस्त्यावर दुसऱ्याचा जीव जात नाही. प्यायलेल्या चालकामुळे जातो. कॅनडाने हा गुन्हा गंभीर ठरवला याचं मला कौतुकच वाटतं. आपल्याकडे "थोडीशीच घेतली होती हो" म्हणून हसण्यावारी नेतात. एक देश तरी म्हणतोय की नाही चालणार. क्रूझ हा काही मूलभूत हक्क नाही.

निशाचर

धाकट्या बुशना १९७६ साली मेन राज्यात याच गुन्ह्यात दंड झाला होता. बातमी २००० सालच्या निवडणुकीच्या तोंडावर फुटली, तरी ते राष्ट्राध्यक्ष झाले. देश चालवायला चालतं आणि हिमनद्या बघायला चालत नाही? शिक्षेला कुठेतरी शेवट असतो की नाही?

कलम_बहाद्दर

दोघेही भावनेवर भांडताय, आधी नियम बघू. (मी वकील नाही, पण एका नातेवाइकाच्या प्रकरणात हे सगळं वाचून काढावं लागलं.)

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३६ असं बघतं: तुम्ही केलेली गोष्ट कॅनडात घडली असती तर तिथे तो कोणता गुन्हा ठरला असता, आणि त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा आहे. अमेरिकेतल्या कोर्टाने तो किरकोळ धरला की मोठा, याला महत्त्व नाही. तुम्हाला प्रत्यक्षात एक दिवसही कैद झाली नसेल, त्यालाही नाही. नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा कॅनडात पूर्वी ५ वर्षं होती. १८ डिसेंबर २०१८ पासून ती १० वर्षं झाली. आणि १० वर्षं म्हटलं की तो 'गंभीर' वर्गात जातो.

फरक इथेच पडतो. त्या तारखेच्या आधीचा एकच गुन्हा असेल आणि दंड, प्रोबेशन धरून सगळी शिक्षा पूर्ण होऊन १० वर्षं झाली असतील, तर काळ लोटल्यानेच माणूस सुधारला असं साधारणपणे धरतात. म्हणजे निशाचर यांचा 'शेवट' तिथे आहे. त्या तारखेनंतरच्या गुन्ह्याला मात्र ही आपोआप सूट नाही. शिक्षा संपून ५ वर्षं झाल्यावर पुनर्वसनाचा, म्हणजे 'माणूस सुधारला' असं मान्य करून घ्यायचा, अर्ज करता येतो. फी हजार कॅनेडियन डॉलरच्या वर, आणि निकालाला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं. तोवर काही कारणाने जायचंच असेल तर तात्पुरता परवाना मागायचा. तो द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि "सहलीला जायचंय" हे कारण फार वजनदार नाही.

म्हणजे २००८ सालच्या चुकीचा माणूस बहुधा आत जाईल आणि २०२० चा परत येईल. दोघांनी केलं तेच. करवतकाठी, यात नैतिकता शोधायची तर शोधा.

चालतंय_की

एवढा काथ्याकूट कशाला? सिएटलहून सुटणारी क्रूझ घ्या. अमेरिकेतून निघते, अमेरिकेत परत येते. आमच्या ओळखीचे एक जण असेच जाऊन आले, कोणी काही विचारलं नाही.

कलम_बहाद्दर

सिएटलची जहाजं संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला का थांबतात, कधी विचार केलात? तिथली बाग दाखवायला नव्हे. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाने अमेरिकेतल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे नाहीत, आणि जहाज निघालं त्याच बंदरात परतणार असेल तर वाटेत एक परदेशी बंदर हवंच. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची. कोविडमध्ये कॅनडाने बंदरं बंद केली तेव्हा अलास्काचा मोसमच बुडत होता. शेवटी २०२१ मध्ये अमेरिकन संसदेला (काँग्रेसला) तात्पुरता कायदा करून हा थांबा माफ करावा लागला.

तेव्हा सिएटलहून गेलात तरी कॅनडा टळत नाही. प्रवाशांची यादी जहाजाच्या आधी पोचलेली असते, आणि एफबीआयच्या नोंदी कॅनडाच्या सीमा-अधिकाऱ्यांना बघता येतात. तुमच्या ओळखीच्यांना कोणी विचारलं नाही, हे खरं असेल. विमानतळावर प्रत्येकजण खिडकीसमोर उभा राहतो, बंदरावर तसं दर वेळी होत नाही. पण याला नियम म्हणत नाहीत, याला नशीब म्हणतात.

चालतंय_की

बरं, मग व्हिक्टोरियाला उतरायचंच नाही. केबिनमध्ये बसून राहायचं.

कलम_बहाद्दर

जहाज त्यांच्या बंदरात आहे. कोणाला तपासायचं ते अधिकारी ठरवतात, तुम्ही नाही. आणि क्रूझ कंपनीने आधीच हरकत घेतली तर सिएटललाच चढू देणार नाहीत. कागदपत्रं आणि प्रवेशाची पात्रता ही प्रवाशाची जबाबदारी, असं तिकिटाच्या अटींमध्ये असतं. पैसे मिळत नाहीत. सहलीचा विमाही सहसा अशा कारणाला लागू होत नाही.

मोगरीचा_वेल

सगळे कॅनडाच्या दारात भांडताहेत. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे त्यांनी परतीचा विचार केलाय का?

अमेरिकेत नशेत गाडी चालवण्याच्या साध्या एका प्रकरणाने सहसा इमिग्रेशनला धक्का लागत नाही. पण चोरी, फसवणूक, ड्रग्ज असं काही असेल तर वेगळं. देशात राहिलात तर वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. एकदा बाहेर पाऊल टाकलंत, भले एका संध्याकाळपुरतं, की परत येताना तुम्ही नव्याने प्रवेश मागणारे ठरू शकता, आणि थेट हद्दपारीची सुनावणी सुरू होऊ शकते. १९९६ च्या आधी छोट्या, निरुपद्रवी सहलीला सूट होती. त्या वर्षीच्या कायद्याने ती काढली.

वार्तेलास नावाच्या ग्रीस देशातल्या माणसाचं प्रकरण यावरच सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९४ ला बनावट ट्रॅव्हलर्स चेकच्या कटात गुन्हा कबूल केलेला, २००३ मध्ये आई-वडिलांना भेटून परतताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडवलं. २०१२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी तो जिंकला. पण का, तर त्याची कबुली १९९६ च्या आधीची होती म्हणून. तुमची नंतरची असेल तर हा निकाल कामाचा नाही.

दुकानातून काही उचलल्याचा एखादा किरकोळ खटला असेल तर अपवाद आहे: त्या गुन्ह्याला कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेली नसावी. पण अपवादात बसतो की नाही हे जहाजावर चढायच्या आधी तपासायचं. "कोर्टाने रेकॉर्ड पुसून टाकलं" यावरही विसंबू नका. इमिग्रेशनच्या व्याख्येत ती शिक्षा बहुतेक वेळा उभीच राहते.

म्हणून दीपस्तंभ, माझं मत असं: सांगायचं जरूर, पण तुम्हाला नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला. तुम्हाला सांगून उपयोग काय? तुम्ही "काही होत नाही हो" म्हणणार किंवा गटातून वगळणार.

दीपस्तंभ

वगळलं नसतं. मार्ग बदलला असता. हाच तर माझा मुद्दा आहे, पण तो कोणी ऐकून घेत नाही.

निशाचर, निरोप पाठवला होता. त्यात पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं होतं. गुन्ह्याचं वाक्य नव्हतं, कारण असा प्रश्न आपल्या लोकांत येईल असं वाटलंच नाही.

मोगरीचा_वेल

"आपल्या लोकांत"! इथेच घोळ आहे. अमेरिकन नागरिकाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, ग्रीन कार्डवाल्याला पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. म्हणजे खिडकीपर्यंत त्यांना कोणी काही विचारतच नाही. भारतीय पासपोर्टवर आलेल्या सासू-सासऱ्यांना मात्र कॅनडाचा व्हिसा काढावा लागला असेल, आणि त्या अर्जात स्वच्छ प्रश्न असतो: जगात कुठेही कधी अटक, आरोप, शिक्षा झाली आहे का? तो अर्ज बहुतेक जावयानेच भरला असणार. प्रश्न त्याने वाचला होता.

करवतकाठी

घ्या! म्हणजे माहीत होतं. मग दीपस्तंभ बरोबरच बोलताहेत.

निशाचर

वाचला म्हणजे आपल्याला लागू होतो हे कळलं असं नाही. अमेरिकेत तो प्रकार मिटलेला, नोकरी चालू, लायसन्स परत मिळालेलं. शेजारच्या देशात त्याच गोष्टीला १० वर्षांपर्यंतची शिक्षा आहे हे या धाग्यावर तरी किती जणांना आज सकाळपर्यंत माहीत होतं?

एक मात्र कबूल: खिडकीवर थेट विचारलं आणि खोटं बोलला, तर मी त्याच्या बाजूने नाही. कॅनडात चुकीच्या माहितीबद्दल ५ वर्षांची बंदी वेगळी बसते. अमेरिकेत परदेशी माणसाने असं केलं तर कायमची.

तिसरी_बर्थ

वाचनमात्र होते, आज लिहिते. माझ्या नवऱ्याचं असंच एक प्रकरण आहे, २०१९ नंतरचं. तपशील नाही देणार.

गटवाले दरवर्षी विचारतात, "अलास्काला येताय ना?" दरवर्षी आम्ही "यंदा जमत नाही" म्हणतो. सांगायला हवं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की ज्याचा गुन्हा त्याला एकदाच लाज वाटते, घरातल्यांना प्रत्येक आमंत्रणाला. माझ्या मुलीला अजून माहीत नाही. आधी गटप्रमुखाला आणि मग मुलीला कळणं मला मान्य नाही.

पण अलास्का आम्ही पाहिलं. कॅनडाला हातही न लावता जाता येतं हे इथे कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. सिएटलहून अलास्कातल्या जुनोला थेट विमान आहे. तिथून लहान, अमेरिकन झेंड्याची जहाजं खाड्यांमधून फिरवतात, महाग आहेत पण हिमनदीच्या अगदी जवळ जातात. स्वस्तात जायचं तर अलास्का राज्य सरकारची फेरी वॉशिंग्टनमधल्या बेलिंगहॅमहून निघते आणि मधे कॅनडात न थांबता केचिकानला पोचते. केबिन लवकर संपतात, मग लोक डेकवर तंबू ठोकून झोपतात. मोठ्या क्रूझचीच हौस असेल तर हवाईत 'प्राइड ऑफ अमेरिका' आहे, अमेरिकन झेंड्याचं, बेटाबेटांतच फिरतं.

गाडीने जायचा विचार करू नका. रस्ता कॅनडातूनच जातो.

चालतंय_की

फेरीची माहिती भारी. डेकवर तंबू खरंच चालतो?

तिसरी_बर्थ

हो. दोऱ्या आणि चिकटपट्टी न्या. वारा फार असतो.

दीपस्तंभ

ताईंचा प्रतिसाद वाचून माझं निम्मं मत बदललं, निम्मं नाही. मला व्यक्तिशः सांगायची सक्ती नको, मान्य. पण ज्याला माहीत आहे त्याने गप्प राहून पैसे भरावेत, हे अजूनही मान्य नाही. पुढच्या गटाला हा निरोप पाठवतोय:

"जहाज कॅनडाच्या बंदरात थांबणार आहे. कोणत्याही देशात, कितीही जुनी, अटक किंवा शिक्षा असेल तर कॅनडात प्रवेश आणि अमेरिकेत परत प्रवेश दोन्ही अडू शकतात. नशेत गाडी चालवणं यात येतं. खटला रद्द झाला असेल तर कोर्टाचे कागद जवळ ठेवा. अडवल्यास पैसे परत मिळत नाहीत आणि विमा सहसा भरपाई देत नाही. शंका असल्यास पैसे भरण्याआधी मला खासगीत कळवा."

निशाचर

शेवटच्या वाक्यात 'मला'च्या जागी 'इमिग्रेशन वकिलाला विचारा' करा. आणि खाली ओळ टाका: "कारण न सांगता अमुक तारखेपर्यंत नाव मागे घेता येईल, पूर्ण पैसे परत."

करवतकाठी

कारण न सांगता? मग ज्याला बायकोशी भांडण झालं तोही नाव मागे घेईल.

दीपस्तंभ

घेऊ दे. दोन्ही बदल केले. तारीख क्रूझ कंपनीच्या रद्द करण्याच्या मुदतीच्या आधीची ठेवतोय, म्हणजे तोटा माझ्या अंगावर नाही.